शेडचं डोकं

अळ्यांना सकाळचा पाला टाकून होतोय न होतोय तोच सूनबाईनं तोंडावर हात दाबला. दोन मांडण्यांमधल्या बोळातून अंग चोरत ती पळाली आणि दाराबाहेर जेमतेम पाऊल पडतंय तोवर ओकली. तीही नेमकी चुन्यावर. शेडमध्ये येणाऱ्यानं पाय घासूनच आत यावं म्हणून हवालदारिणीनं उजाडताच तिथे ताजा चुना पसरला होता.

"हीच जागा सापडली का तुला?" आतून आवाज आला. "चार पावलं पुढे जायला काय झालं होतं?"

 सूनबाई बाहेरच्या भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली. भिंत गार होती, त्यानं तिला थोडं बरं वाटत असावं. हवालदारीण फावडं घेऊन आली, घाण खरवडून काढली, पुन्हा चुना टाकला आणि पायानं सारखा केला. तिचे हात रागानं चालले होते, पण तिचे डोळे सुनेच्या पाठीवर होते. पाचवा महिना लागला होता. इतरांच्या ओकाऱ्या चौथ्या महिन्यात थांबतात. हिच्या थांबल्या होत्या आणि गेल्या आठ दिवसांत नव्यानं सुरू झाल्या होत्या.

हवालदारीण हे नाव तिला गावानं दिलं होतं, आणि ते काही उगाच नाही. रेशमाच्या अळ्यांचं काम म्हणजे तान्ह्या बाळाचं काम. वारा लागला की आजारी, ओला पाला खाल्ला की आजारी, कुणी घाणेरड्या हातानं शिवलं की आजारी. वीस वर्षं ही बाई त्या दारात पहारा देत आली होती. व्याह्यांनासुद्धा तिनं एकदा चपला काढायला लावून पाय धुवायला पाठवलं होतं, आणि ते बिचारे नवी पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौदापाशी उभे राहिले होते. ती गोष्ट गाव अजून चघळत होतं.

यंदा पहारा दुप्पट कडक होता. मागल्या थंडीत खिडकीच्या फटींमधून वारा शिरला आणि अख्खी बॅच बसली. कोष करायच्या आधीच अळ्या काळ्या पडल्या. तिच्या नवऱ्यानं, ज्याला सगळे दादा म्हणत, टोपल्या भरभरून त्या खड्ड्यात पुरल्या. संध्याकाळी तो म्हणाला, "पुढच्या थंडीत असंच झालं तर तुती उपटून टाकतो. बास झालं." तो उगाच बोलणारा माणूस नव्हता. तुती उपटली म्हणजे दोघांच्या उभ्या आयुष्याचं काम उपटलं.

म्हणून यंदा थंडी लवकर पडताच दोघांनी मिळून शेड बंद केली होती. खिडक्यांच्या जाळ्यांवर पोती ठोकली. पोत्यांच्या कडांना हवालदारिणीनं स्वतः चिंध्या कोंबल्या, वरून खळ लावून जुने कागद चिकटवले. दाराला आतून दुहेरी पडदा लावला. आत दोन घमेल्यांत कोळसा पेटता ठेवला. भिंतीवरचा तापमानाचा काटा पंचवीसवर आला तेव्हा दादानं चिंध्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, "मुंगी शिरायची नाही." त्याच्या तोंडून कौतुक म्हणजे एवढंच. ती दिवसभर त्यावर खूश होती.

अळ्या आता शेवटच्या वयात होत्या. बोटाएवढ्या, पांढऱ्याफेक. आणखी पाच-सहा दिवस त्यांनी फक्त खायचं होतं, मग त्या पिवळसर पडून चंद्रिकेवर, म्हणजे कोष करायच्या जाळीवर, चढल्या असत्या. दिवसातून चार वेळा पाला. तो कापायचा, आणायचा, पसरायचा, खालची विष्ठा काढायची, घमेल्यात कोळसा घालायचा, काटा बघायचा. बसायला वेळ नव्हता आणि वेळ असता तरी हवालदारीण बसली नसती.

"डोकं फार दुखतंय का?" तिनं विचारलं. प्रश्न मायेचा होता, पण आवाज चौकीतलाच निघाला.

"ठणकतंय. इथे, दोन्ही बाजूंनी."

"शेडचं डोकं आहे ते. माझंही दुखतं. चहा घे आणि फडकं बांध घट्ट."

थंडीच्या बॅचला डोकं दुखतं हे या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला 'शेडचं डोकं' असं नावही होतं. नाव असलेल्या दुखण्याला कोण घाबरतो? हवालदारिणीच्या कपाळावरचं फडकं थंडी संपली की सुटायचं आणि पुढच्या थंडीत पुन्हा चढायचं.

"आई," सूनबाई म्हणाली, "मी पाला कापायला जाऊ का? तिकडे बरं वाटतं मला. तुम्ही इथे थांबा."

"नको."

"कापते फक्त. उचलणार नाही."

"नको म्हटलं ना! तू आत थांब."

सूनबाईनं मान खाली घातली आणि पाय चुन्यावर घासून ती आत गेली. पडदा मागे पडला.

या 'नको'चं कारण हवालदारिणीनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलगा दोन वर्षांचा होता तेव्हा तिला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तेव्हा ही शेड नव्हती, घराच्या मागच्या खोलीत मांडण्या होत्या. थंडीचेच दिवस, सहावा महिना. डोकं ठणकत होतं म्हणून ती एका सकाळी खोलीतून बाहेर पडली, मळ्याच्या बांधावर आली, तिथे तिला हुशारी वाटली आणि त्या हुशारीच्या भरात तिनं पाल्याचा एक भारा डोक्यावर घेतला. घरापर्यंत आणला. तिसऱ्या दिवशी पोटातली हालचाल थांबली. मुलगी होती. सासू म्हणाली, भारा उचललास, तूच मारलीस तिला. सासू गेली त्याला किती वर्षं झाली, पण ते वाक्य काही गेलं नाही. तेव्हापासून तिनं भाऱ्याला हात लावला नव्हता. पाला कापायची, पेंढ्या बांधायची, पण डोक्यावर न्यायचा तो दादानं. बायका म्हणायच्या, हवालदारीण आहे ती, हमाली कशी करेल? ती ऐकून घ्यायची.

आणि आता ही पोर म्हणत होती, मळ्यात जाऊ का.

दुपारच्या पाल्याच्या वेळी हवालदारीण मांडणीवर ओणवी झाली तर एकदम वास आला. तिनं नाक वर केलं. एक मांडणी ओलांडली, दुसरी ओलांडली आणि सुनेसमोर येऊन थांबली.

"काय लावलंयस?"

"थोडासा बाम. कपाळालाच."

"बाम! अगं, उग्र वास चालत नाही त्यांना. तंबाखू खाणाऱ्याला मी दारात उभं करत नाही, आणि तू घरातली होऊन बाम लावून आत येतेस?"

तिनं सुनेला दंडाला धरून हौदावर नेलं. साबण तिच्या हातात दिला आणि समोर उभी राहिली. सूनबाईनं कपाळ धुतलं. हवालदारीण पुढे झाली, लहान मुलाचं डोकं हुंगावं तसं तिनं सुनेचं कपाळ हुंगलं आणि म्हणाली, "अजून येतोय." तिनं पुन्हा धुतलं. पाणी बर्फासारखं होतं. तिसऱ्यांदा धुताना सूनबाई रडायला लागली, पण तोंडावर पाणीच इतकं होतं की हवालदारिणीला दिसलं नाही म्हणायची सोय होती.

संध्याकाळी मुलगा टेम्पो लावून घरी आला तेव्हा घरात डोक्याचाच विषय होता. दादाचं म्हणणं पित्त. उपाशीपोटी चहा ढोसते, दुसरं काय होणार? हवालदारिणीचं म्हणणं झोप पुरत नाही, आणि पाणी पीत नाही ती. मुलाला वाटत होतं की चष्मा लागला असेल. सूनबाई भाकरीचा तुकडा बोटांत फिरवत ऐकत होती. आपल्याच डोक्याबद्दल आपल्याला कुणी विचारत नाही याचं तिला हसू यावं अशी स्थिती होती, पण हसलं की ठणका वाढायचा.

"उद्या उपकेंद्रात नेऊन आणतो," मुलगा म्हणाला.

"उद्या?" दादानं वर बघितलं. "अळ्या खात नाहीत नीट. सुस्तावल्यात. गारठा वाढलाय. एक घमेलं आणखी लावायला लागेल. माणूस कुठे आहे हाताशी?"

"दादा, ती रोज ओकतेय."

"मग कोण नाही म्हणतंय? चार दिवस. चंद्रिकेवर चढल्या की ने."

मुलानं आईकडे बघितलं. हवालदारीण ताटातलं मीठ बोटानं सारखं करत होती. ती म्हणाली, "आत बसून असते ती. ऊब आहे, वारा नाही, ओझं नाही. यापेक्षा जपायचं म्हणजे किती जपायचं?"

मुलगा भाकरी मोडायला लागला. त्याची बायको ताट उचलून उठली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई शेडमध्ये नव्हती.  हवालदारीण तशीच मळ्याकडे निघाली, चालता चालता पळायलाच लागली. धुकं अजून तुतीच्या शेंड्यांवर होतं. बांधाशी पोचली तर सूनबाई सासऱ्याला काहीतरी सांगून हसत होती. तोंडावर रंग होता. गूळ-शेंगदाणे खात होती. दोन दिवसांत जिच्या पोटात घास टिकला नव्हता ती गूळ-शेंगदाणे खात होती! आणि बांधलेला भारा तिच्या पायाशी पडला होता.

"बरं वाटतंय वाटतं?" हवालदारीण धापा टाकत म्हणाली.

"हो आई. इकडे आलं की तासाभरात उतरतं."

"उतरणारच. काम टळलं की उतरणारच. माझ्या वेळेला असलं दुखणं नव्हतं बाई, बांधावर आलं की पळून जाणारं."

हे बोलताना तिच्या मनात काहीतरी अडखळलं. तिच्याही वेळेला ते बांधावर आल्यावरच पळालं होतं. पण तिची नजर त्या भाऱ्यावर होती आणि भीतीपुढे तिला पुढचं सुचलं नाही. तिनं सुनेचा हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. शेडच्या दारात म्हणाली, "आजपासून पाल्याला मी. तू इथून हलायचं नाही. काटा उतरला की कोळसा घालायचा. माझी शपथ आहे."

पडदा पडला. आत आता तीन घमेली होती.

मळ्यात तिचं लक्ष लागेना. कोयता दोनदा बोटाला चाटून गेला. दादा म्हणाला, "काय गं, कुठे बघतेस?" ती म्हणाली, "कुठे नाही." तिच्या कपाळावरचं फडकं ओघळून नाकावर आलं तेव्हा तिच्या ध्यानात आलं की डोकं दुखत नाहीये. सकाळी उठल्यापासून ठणकत होतं, ते कधी थांबलं ते कळलंच नाही. ती फडकं हातात घेऊन उभी राहिली.

"चला," ती म्हणाली.

"अजून दोन ओळी आहेत."

"चला म्हणते ना!"

दादानं भारा उचलला. ती कोयते घेऊन पुढे निघाली, मागे न बघता. अंगणात पोचून तिनं हाक मारली. उत्तर नाही. पाय न घासताच ती शेडमध्ये शिरली, वीस वर्षांत पहिल्यांदा.

सूनबाई मांडणीच्या पायाला टेकून बसली होती. मांडीवर पाल्याची टोपली. चेहरा लालबुंद. डोळे अर्धे उघडे.

"अगं, ऊठ. ए पोरी!"

"उठते," सूनबाई म्हणाली आणि उठली नाही. "आई, खोली फिरतेय."

हवालदारिणीनं तिच्या काखेत हात घातले आणि तिला ओढलं. टोपली उलटली, मांडणी हलून अळ्या जमिनीवर सांडल्या, पायाखाली आल्या. पडद्यात दोघी अडकल्या तेव्हा तिनं पडदा हिसडून खाली पाडला. अंगणात दादानं भारा टाकला आणि धावला. दोघांनी तिला उघड्यावर निजवलं. ती ओकली, पुन्हा ओकली, मग मोठमोठ्यानं श्वास घ्यायला लागली.

मुलाला फोन गेला, उपकेंद्रातल्या नर्सला फोन गेला. नर्स स्कूटरवर आधी पोचली. तरुण बाई, पण तिचे हात घाबरणारे नव्हते. तिनं रक्तदाब घेतला, तो ठीक होता. पायावर अंगठा दाबून बघितला, सूज नव्हती. डोळ्यापुढे काजवे चमकतात का, पोटात वरच्या बाजूला दुखतं का, हे विचारलं. खालच्या पापण्या ओढून बघितल्या. "रक्त थोडं कमी आहे. पण एवढं व्हायला ते पुरे नाही," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. मग तिनं पोटावर यंत्र ठेवलं.  खरखर झाली, मग टकटक टकटक, घाईघाईचा आवाज.

"ठोका आहे," नर्स म्हणाली. "डोकं कधी दुखायला लागतं तुझं?"

"शेडमध्ये गेलं की," सूनबाई म्हणाली. "बाहेर आलं की थांबतं. मी सांगत होते."

नर्स उठली आणि शेडच्या दारात गेली. तिथूनच तिनं तीन घमेली बघितली, पोती बघितली, कडांना कोंबलेल्या चिंध्या बघितल्या. आत पाऊल न टाकता परत फिरली.

"आणखी कुणाचं दुखतं?"

"थंडीच्या बॅचला सगळ्यांचंच दुखतं," दादा म्हणाला. "शेडचं डोकं म्हणतात त्याला."

"त्याला कोळशाचा गॅस म्हणतात, दादा. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत साठतो आणि रक्तात भिनतो. तुमचं नुसतं डोकं दुखतं, पण पोटातल्या बाळाला मोठ्या माणसापेक्षा जास्त बाधतो तो. दिवस गेलेत म्हटलं की डोकं, उलटी, सगळं त्याच खात्यात टाकून मोकळे होता तुम्ही. टेम्पो येऊ दे, हिला आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. ऑक्सिजन लावतील. बहुतेक वेळेत कळलंय. पण बहुतेकच म्हणेन मी, पुढची तपासणी होईपर्यंत."

टेम्पो आला. मुलानं बायकोला पुढच्या सीटवर बसवलं. तो आईकडे न बघताच स्टिअरिंगवर बसला, आणि ते तिला चांगलंच लागलं. सूनबाईनं मात्र खिडकीतून हात बाहेर काढला. हवालदारिणीनं तो धरला. तिला म्हणायचं होतं की मी तुला भाऱ्यापासून जपत होते गं. तिच्या तोंडून निघालं, "बामाची बाटली देऊ का सोबत?" सूनबाईनं मानेनंच नको म्हटलं आणि हात दाबला.

नर्स स्कूटर काढत होती. हवालदारीण तिच्या आडवी जाऊन उभी राहिली.

"ताई, एक विचारू? सहाव्या महिन्यात एखादीनं भारा उचलला, पाल्याचा, एकच. तर तेवढ्यानं पोटातलं जातं?"

"एका भाऱ्यानं? सहसा नाही, मावशी. का?"

"आणि ती त्याआधी महिनाभर अशाच खोलीत असेल तर? बंद. कोळसा लावलेला. डोकं दुखत असेल तर?"

नर्सनं स्कूटर पुन्हा स्टँडवर लावली. 

"किती वर्षं झाली?"

"चोवीस."

"आता नक्की कुणी सांगू शकणार नाही, मावशी. खोटं कशाला बोलू? पण मी तेव्हा असते तर भाऱ्याबद्दल विचारलंच नसतं. आधी खिडकी उघडली असती."

स्कूटर गेली. अंगणात दादा, ती आणि पाला सुकू नये म्हणून त्यानं ओल्या पोत्याखाली झाकलेला भारा एवढंच उरलं. हवालदारीण शेडमध्ये गेली. एकेक घमेलं चिमट्यानं धरून बाहेर आणलं आणि हौदातलं पाणी त्यावर ओतलं. मग कोयता घेऊन ती खिडकीला भिडली. कागद फाडले, चिंध्या उपसल्या. चिंध्या तिनं इतक्या गच्च कोंबल्या होत्या की त्या काढताना तिची नखं निघाली. पोतं खिळ्यासकट ओढलं. गार वारा तोंडावर आला. ती दुसऱ्या खिडकीकडे गेली. ती रडत होती, मोठ्यानं, आणि हात थांबत नव्हते.

"अगं, गारठतील त्या," दादा दारातून म्हणाला. "बॅच जाईल."

"जाऊ दे."

"यंदा गेली तर—"

"उपटा तुती! सगळी उपटा! माझी पोर गेली हो अशाच खोलीत. भाऱ्यानं नाही गेली. असल्याच कोंडमाऱ्यात गेली."

दादा तिथेच थांबला. चोवीस वर्षांत त्या पोरीचा उल्लेख या घरात कुणी केला नव्हता, त्यानंही नाही. त्याच्या बायकोनं आयुष्यभर भाऱ्याला हात लावला नाही आणि त्यानं आयुष्यभर तो मुकाट्यानं उचलला, यापलीकडे दोघांत त्यावर बोलणं झालं नव्हतं. तो आत आला आणि तिसऱ्या खिडकीचं पोतं ओढायला लागला.

चारही खिडक्या मोकळ्या झाल्या तेव्हा ऊन कललं होतं. काटा एकोणीसवर उतरला होता. मुलाचा फोन आला, ऑक्सिजन लावलाय, ठोका व्यवस्थित आहे, दोन दिवस ठेवतील. दादानं ते तिला सांगितलं आणि मग दोघांनाही काय करावं ते कळेना. मांडण्यांवर अळ्या माना वर करून हलवत होत्या. त्यांना भूक लागली होती. दुपारचा पाला पडलाच नव्हता.

हवालदारीण अंगणात गेली. तिनं पोतं बाजूला केलं, पदर खोचला आणि भाऱ्यासमोर खाली बसली.

"अगं, थांब, मी घेतो," दादा सवयीनं पुढे झाला.

तिनं दोन्ही हातांनी भारा गुडघ्यावर घेतला, तिथून छातीशी आणि एका हिसक्यात डोक्यावर. मान पहिल्यांदा डगमगली, मग सावरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "यानं काही होत नव्हतं."

आणि ती भारा घेऊन शेडमध्ये गेली.